मुळेबाईंची तपासणी

मी नेमकं काय काम करतो हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. जावई काय करतात असं कुणी विचारलं की ते "समाजकार्य" एवढंच म्हणत आणि घाईने सुपारी कातरायला घेत. त्यांचं फार चुकत होतं असंही नाही. मी शिक्षक नव्हतो, बँकेत नव्हतो, सरकारी नोकरीत नव्हतो; आणि इंदूरच्या मराठी घरांत त्या काळी यापलीकडच्या कामांना नोकरी म्हणत नसत. पलासियाला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत आमच्या संस्थेचं कार्यालय होतं. खाली कोचिंग क्लासच्या मुलांच्या गाड्यांची गर्दी, वर आम्ही. तिथे बसून मी उमेदीची सगळी वर्षं एकच काम केलं. मागत राहिलो. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याच घरात सांभाळण्याचा खर्च सरकारने उचलावा, हे ते मागणं.

या वर्षी दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा नाही म्हणायला काही कारण सापडलं नाही. वसुधा, माझी बायको, गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती, पण घरीच होती. आता घरात वेळ पुष्कळ आहे. सकाळी एक परिच्छेद लिहितो आणि संध्याकाळी त्यातला अर्धा खोडतो. पूर्वी माझा मजकूर ती वाचायची आणि विचारायची, "यातलं तुमचं वाक्य कुठलं?" निवेदनं लिहून लिहून माझी भाषा इतकी सविनय झाली होती की किराणावाल्याला लिहिलेली चिठ्ठीसुद्धा "विनंती विशेष" वाटायची. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आधी काम काय ते सांगतो. घरी सांभाळणं म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हेत. ते त्याच्या अलीकडचं आहे. सकाळी उठवून बसवणं, तोंड धुणं, अंघोळ घालणं किंवा अंग पुसणं, कमोडच्या खुर्चीपर्यंत नेणं आणि परत आणणं, खाल्लं की नाही ते बघणं, गोळ्या देणं, मेणकापड बदलणं, पडून असलेल्याची कूस बदलणं. यातलं काहीही करायला डॉक्टर लागत नाही, आणि यातलं काहीही झालं नाही तर थोड्या दिवसांत डॉक्टर लागतो. सरकार इस्पितळातल्या खाटेचा खर्च देतं. वृद्धाश्रमाच्या खाटेलाही अनुदान मिळू शकतं. पण तोच माणूस स्वतःच्या घरातल्या स्वतःच्या खाटेवर असला की तो कुटुंबाचा खाजगी प्रश्न होतो. कुटुंब बंगळुरूला किंवा अमेरिकेत असलं तरी.

असं का, हे मला एका पार्षदाने, म्हणजे नगरसेवकाने, समजावून सांगितलं. माणूस चांगला होता. माझं निवेदन त्याने खरोखर वाचलं, मला चहा पाजला, आणि मनापासून म्हणाला, "काम तो बढ़िया है भिया, पर इसमें फीता कहाँ कटेगा?"

इमारतीची कोनशिला बसवता येते, रुग्णवाहिकेला हार घालता येतो. पण छत्रीबागेतल्या एका गल्लीत एका म्हातारीचं अंग कोमट पाण्याने पुसलं गेलं, याचं उद्घाटन कसं करणार? घरी येऊन वसुधेला सांगितलं तर ती म्हणाली, "उशीला बांधा म्हणावं फीत." नंतर कित्येक वर्षं आमच्या घरात एखादी गोष्ट सरकारकडून होणार नाही असं म्हणायचं असलं की "उशीला फीत" एवढंच म्हणत असू.

सरकार देत नव्हतं तोवर आम्ही देणग्यांवर जमेल तेवढं चालवत होतो. आमच्याकडे काही बायका होत्या. कागदावर त्यांचं नाव "गृहसेविका", तोंडी "दीदी". त्यांना कामावर पाठवताना सगळ्यात पहिला प्रश्न यायचा तो त्यांना काय येतं हा नव्हे, तर त्या कुठल्या जातीच्या हा. एका निवृत्त काकांनी आमच्या रामकन्येला चहा वेगळ्या कपात द्यायची अट घातली होती. रामकन्या देवासकडच्या एका खेड्यातली, बोलायला मोजकी. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचा स्टीलचा पेला आणला आणि काकांच्या फळीवर त्यांच्या भांड्यांच्या रांगेत ठेवून दिला. दोन-तीन महिन्यांनी मी भेटायला गेलो तर काका सुनेवर चिडले होते. रामकन्येचा पेला कुणी हलवला म्हणून.

या कामातलं खरं कौशल्य विचारण्यात आहे. माळव्यात कुणाला "कसं काय" विचारलंत तर "मजेत" हेच उत्तर येतं. मग तो माणूस पाय मोडून पडलेला का असेना. आणि आपल्या मराठी म्हाताऱ्यांना तर त्रास सांगणं म्हणजे परक्यासमोर उघडं होण्यासारखं वाटतं. "अंघोळ जमते का?" विचारलं की "जमते." "जेवण होतं का?" "होतं." म्हणून मी नव्या मुलांना शिकवायचो की जमतं का हे विचारायचंच नाही. काल काय झालं ते विचारायचं. काल उठल्यावर आधी काय केलंत, मग काय, पाणी कुणी दिलं, दार कुणी उघडलं. माणूस मतं देताना अब्रू सांभाळतो. हकीकत सांगताना ते विसरतो.

हे सगळं मला चांगलं ठाऊक होतं, तरी मुळेबाईंच्या वेळी ते उपयोगी पडलं नाही.

कुमुद मुळे मुलींच्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. वसुधा त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे मीही त्यांना बाईच म्हणायचो आणि त्या मला "जावईबापू". यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी गेले होते. छत्रीबागेत, नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांचं त्यांचं घर होतं. एकुलता मुलगा अविनाश बंगळुरूला. बाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं परत आलं नाही. वॉकर धरून कुणी मागे उभं असलं तर चार पावलं, एवढंच. आमच्या वतीने रामकन्या त्यांच्याकडे सकाळी जायची. एकच फेरी, दुसरी आम्हाला परवडत नव्हती. आणि देणग्या आटत चालल्यामुळे ती एक फेरीही पुढल्या महिन्यापासून बंद होणार होती.

अविनाशने पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात आईसाठी जागा बघून ठेवली होती. त्याला वाईट ठरवणं सोपं आहे, पण मी त्याच्याशी अनेकदा बोललोय. तो म्हणायचा, "काका, मी फोन करतो आणि ती उचलत नाही. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येतं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही." बाईंचं म्हणणंही सरळ होतं. या गल्लीत मला दारावरून जाणाऱ्याचा आवाज ओळखता येतो, तिथे मला कुणाचा ओळखता येणार? त्यांना या घरातच राहायचं होतं आणि याच घरातून जायचं होतं. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

नेमक्या त्याच सुमारास आमच्या मागण्याला पहिल्यांदा कान मिळाला. एका वॉर्डापुरती प्रायोगिक योजना मंजूर करायची का, यावर समाजकल्याण विभागाने एक समिती नेमली. वॉर्ड छत्रीबागेचाच. मंजूर झाली तर दीदींचा पगार सरकार देणार आणि बाईंसारख्यांना दोन वेळा माणूस मिळणार. समितीने म्हटलं, आम्हाला नमुन्यादाखल एक घर दाखवा. कार्यालयात आमचा एकमताने निर्णय झाला की बाईंचं घर दाखवायचं. सुशिक्षित आहेत, हिंदी उत्तम, मुद्देसूद बोलतात. आमच्यासारख्या पांढरपेशा लोकांनाच अशी कल्पना सुचू शकते. दैना दाखवायची होती आणि आम्ही त्यासाठी शहरातलं सगळ्यात नीटनेटकं माणूस निवडलं.

मी बाईंना जाऊन कळवलं की परवा सरकारी तपासणी आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कोण येणार आहेत? किती वाजता?" त्या विचारण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

ज्यांनी जुन्या शाळांत काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळेत काय होतं? फळे काळे होतात, मुलींच्या रिबिनी इस्त्रीच्या असतात, गळकं छप्पर असलेल्या वर्गाला कुलूप लागतं आणि हुशार मुली पहिल्या बाकावर येतात. बाईंनी असे दिवस जन्मभर काढले होते आणि एकदाही शेरा वाईट येऊ दिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी रामकन्येला उजाडायच्या आत बोलावून घेतलं. मी तिवारीजींना घेऊन पोचलो तेव्हा बाई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. अंगावर महेश्वरी साडी, केस विंचरलेले, मांडीवर वर्तमानपत्र. वॉकर कपाटामागे गेला होता. कमोडच्या खुर्चीवर पलंगपोस घालून तिच्यावर फुलदाणी ठेवली होती. ओली गादी गच्चीवर. रामकन्येने वर शेव आणि जीरावनचा मसाला घातलेल्या पोह्यांच्या बशा आणल्या.

तिवारीजी समितीचे सदस्य-सचिव. थोराड, घामट, मनाने सज्जन. बाईंनी त्यांना गाव विचारलं, शाळा विचारली, लेकीला गणित जड जातं असं कळल्यावर तिला पाढे कसे करून घ्यायचे ते सांगितलं. तिवारीजी खूश होऊन गेले. मग त्यांनी कागद काढून विचारलं, "माताजी, चलने-फिरने में कोई तकलीफ़?"

"उम्र के हिसाब से ठीक है," बाई म्हणाल्या.

"नहाना-धोना?"

"सब हो जाता है, भगवान की दया से."

मी मधे बोलायचा प्रयत्न केला. बाईंनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं त्या बहुधा इन्स्पेक्टरसमोर आगाऊपणे हात वर करणाऱ्या मुलीकडे बघत असाव्यात. रामकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती जमिनीकडे बघत राहिली. जाताना तिवारीजी बाईंच्या पाया पडले आणि मला दारापाशी म्हणाले, "आपकी माताजी तो हमसे ज़्यादा फिट हैं."

त्यांना रिक्षात बसवून मी परत आलो. बाई तशाच खुर्चीत होत्या, कारण उठणं त्यांच्या हातात नव्हतं. चेहरा मात्र उजळला होता.

"कसं झालं?"

"बाई," मी म्हटलं, "तुम्ही पास झालात. आपल्याला नापास व्हायचं होतं."

त्यांनी मांडीवरच्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "ते मला आयुष्यात कधी जमलेलं नाही, जावईबापू. तुम्ही आधी सांगायला हवं होतंत, तरी जमलं नसतं."

अहवाल आला तो अपेक्षेप्रमाणे. लाभार्थी सक्षम, घरची व्यवस्था समाधानकारक, योजनेची निकड आढळत नाही. मी धावाधाव केली. समितीच्या अध्यक्ष मॅडम बाहेरच्या राज्यातून बदलून आलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी एक शेवटची बैठक ठेवायला मान्यता दिली, पण अट घातली की लाभार्थीने स्वतः येऊन सांगावं. आमच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं त्यांनी. इकडे अविनाशने तिकीट काढलं. येत्या रविवारी येतो आणि आईला घेऊन जातो, असा त्याचा निरोप आला. बैठक शुक्रवारी होती.

बाईंनी बैठकीला यायला साफ नकार दिला. चार परक्या पुरुषांसमोर बसून मी माझ्या न्हाणीघराच्या गोष्टी सांगू? ज्यांच्या बायकांना, मुलींना मी शिकवलं असेल त्यांच्यासमोर? मी म्हटलं, हक्क आहे तुमचा. त्या म्हणाल्या, "हक्क असेल, पण हात पसरूनच घ्यायचा आहे ना? मी पुण्याला जाते." हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं.

घरी येऊन मी वसुधेजवळ बसलो. तेव्हा ती अंथरुणाला खिळून वर्ष होत आलं होतं. तिच्यासाठी माणूस ठेवणं मला शक्य होतं, कारण आमचं घर भाड्याचं नव्हतं आणि मुलीचा हातभार होता. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं निवेदनं लिहिली ते प्रत्यक्षात काय असतं हे मी तिच्या उशाशी बसून शिकत होतो. चमच्याने पाणी पाजताना मान किती उचलायची, हे माझ्या एकाही निवेदनात नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले होते, मला वाटलं झोपली.

"बाईंना मागायला सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना मागता येत नाही. शिकवायला सांगा."

"काय शिकवायला?"

"त्या लोकांना कळत नाहीये ना? मग ते 'ढ' वर्गात बसलेत असं सांगा. बाई 'ढ' वर्ग कधी सोडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेलो आणि तेवढंच सांगितलं. समितीला विषय समजलेला नाही, तुम्ही येऊन एकदा समजावून द्याल का. त्यांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. ही युक्ती आहे हे त्यांना नक्की कळलं असणार. तरी थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "किती जण आहेत वर्गात?"

शुक्रवारी आम्ही त्यांना वॉकरसकट गाडीतून नेलं. रामकन्या सोबत होती. आत नेताना तिने एक हात बाईंच्या कमरेला दिला होता आणि दुसऱ्याने पदर सावरत होती, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की मुलगी आईबरोबर चालली आहे. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, मधे अध्यक्ष मॅडम, बाजूला तिवारीजी आणि आणखी काही साहेब. तिवारीजींनी उठून नमस्कार केला. त्यांना बहुधा अजून पोह्यांची आठवण होती.

मॅडमनी सांगितलं, "कहिए माताजी, आराम से."

बाई म्हणाल्या, "मैं पहले तिवारीजी से कुछ करवाना चाहती हूँ." आणि परवानगीची वाट न बघता तिवारीजींकडे वळल्या. "आप ज़रा हाथ बाँधकर बैठिए. ऐसे. अब एक पाँव ज़मीन से ऊपर. अब कुर्सी से उठिए."

तिवारीजी हसले, मग त्यांनी खरंच प्रयत्न केला. खुर्ची करकरली, ते अर्धवट उठले आणि धपकन बसले. सगळे हसले, मॅडमसुद्धा.

"नहीं बनेगा माताजी."

"पाँव ऊपर ही रखिए. बाहर दूधवाला आवाज़ दे रहा है. वो रुकेगा नहीं." तिवारीजींनी पुन्हा प्रयत्न केला. "अब वो चला गया. फ़ोन बज रहा है, दूसरे कमरे में. आपका बेटा है, उसको चिंता हो रही है." थोडं थांबून बाईंनी त्याच आवाजात पुढे सांगितलं, "अब आपको बाथरूम जाना है."

हसणं थांबलं. तिवारीजींचा पाय अजून वरच होता.

"किसको बुलाएँगे?"

"मिसेज़ को," तिवारीजी हळू आवाजात म्हणाले.

"वो नहीं हैं. मान लीजिए."

"बेटे को."

"वो बैंगलोर में है."

तिवारीजींनी पाय खाली ठेवला. बाईंनी घाई केली नाही. वर्गाला विचार करायला वेळ देतात तसा त्यांनी दिला. मला वाटलं, झालं, सुटलो. शिकवणं संपलं, सगळ्यांना समजलं आणि बाईंना स्वतःबद्दल एक शब्द बोलावा लागला नाही. वसुधेला हे कसं सांगायचं, याची वाक्यंही मी मनात जुळवू लागलो.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "माताजी, रिकॉर्ड के लिए पूछना पड़ रहा है. क्या ये आपके साथ भी होता है? आख़िरी बार कब हुआ?"

त्यांच्या स्वरात कठोरपणा नव्हता. नियम होता, त्यांनी तो पाळला. बाई टेबलाकडे बघत होत्या. उदाहरण देता देता त्या ज्या आडोशाला उभ्या होत्या, तो एका प्रश्नाने बाजूला झाला होता. मी उठायला लागलो, तर मागे बसलेल्या रामकन्येने माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"आज सुबह," बाई म्हणाल्या. "रामकन्या के आने से पहले."

कारकुनाने ते लिहून घेतलं.

योजना मंजूर झाली. एका वॉर्डापुरती, एका वर्षापुरती, पुढे दरवर्षी आढावा घेऊन वाढवायची. आदेश निघायला वेळ लागला, पण मॅडमनी त्याच दिवशी तोंडी सांगितलं की छत्रीबागेतलं काम थांबवू नका. रविवारी अविनाश आला. मी त्याला सगळं सांगितलं, म्हणजे बैठकीतलं शेवटचं वाक्य सोडून. त्याने पुण्याची जागा सोडल्याचा फोन माझ्यासमोर केला आणि मग खूप वेळ आईच्या खाटेच्या कडेला बसून राहिला. बाई घरीच राहिल्या. सकाळी रामकन्या, संध्याकाळी दुसरी एक दीदी.

लोक मला विचारतात तेव्हा मी ही यशाची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण शुक्रवारी घरी पोचल्यावर बाईंनी रामकन्येला सांगितलं की आज कुणी आलं तर मी झोपले आहे म्हण. ती दुपारची वेळ होती. संध्याकाळी मी वसुधेला सगळी हकीकत सांगितली. तिची युक्ती लागू पडली म्हणून ती खूश होईल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "आणि तो प्रश्न आता प्रत्येकाला विचारणार?"

मग माझ्या लक्षात आलं की हो, विचारणार. योजना मिळाली होती आणि तिच्याबरोबर ती बैठकही मिळाली होती. यापुढे ज्याला ज्याला माणूस हवा असेल त्याने त्या टेबलासमोर येऊन बसायचं आणि आज सकाळी काय झालं ते कारकुनाला लिहून घेऊ द्यायचं. मग त्यानंतरची वर्षं मी दोन गोष्टी मागत राहिलो. एक, योजना बाकीच्या वॉर्डांत न्यावी. ती अजून पुरती गेलेली नाही. खजराण्याकडची माणसं विचारतात, आमच्यात आणि छत्रीबागेत फरक काय. ती खंत आहे आणि ती राहणार. दुसरं मागणं लहान होतं. अर्ज करणाऱ्याला कुठेही बोलावू नये. एका प्रशिक्षित माणसाने त्याच्या घरी जाऊन, शेजारी बसून कालच्या दिवसाची हकीकत ऐकावी, आणि ती कुठल्याही बैठकीत वाचली जाऊ नये. यासाठी खर्च काही नव्हता, म्हणूनच बहुधा त्याला इतकी वर्षं लागली. ज्यात पैसा नाही ते कागद कुणी हलवत नाही.

तो आदेश वसुधा गेली त्याच पंधरवड्यात आला. कार्यालयातून मुलांनी फोन करून कळवलं तेव्हा मी भेटायला येणाऱ्यांमध्ये बसलो होतो. ठीक आहे म्हणालो आणि विसरूनही गेलो. तेराव्यानंतर बाईंचा निरोप आला की त्यांना येणं शक्य नाही, मीच एकदा येऊन जावं.

गेलो तेव्हा बाई खाटेवर आडव्या होत्या. आता चार पावलंही संपली होती. रामकन्येने मला स्टूल दिलं. आम्ही वसुधेबद्दल बोललो. म्हणजे बाईच बोलल्या. ती सातवीत असताना भूमितीच्या तासाला बाकाखाली गोष्टीची पुस्तकं वाचायची हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलं की मागायला नको, शिकवायला सांगा, हे तिचं होतं. बाई म्हणाल्या, "ते मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला असलं सुचत नाही." मला हसू आलं. त्या दिवसांत पहिल्यांदाच आलं असावं.

मग बोलण्यातून बोलणं निघून मी आदेशाचं सांगितलं. यापुढे कुणाला बैठकीला जावं लागणार नाही. घरीच विचारतील, दार लावून विचारतील, आणि ते कुणासमोर वाचलं जाणार नाही. त्या शुक्रवारबद्दल आम्ही दोघं इतक्या वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. बाई छताकडे बघत होत्या. त्यांना नीट ऐकू आलं की नाही अशी मला शंका आली आणि मी पुन्हा सांगायला लागलो.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी शेवटची."

त्यांच्यानंतरही त्या टेबलासमोर बरेच जण बसून गेले होते, तरी मी हो म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग रामकन्येला हाक मारून, कूस बदलून दे म्हणाल्या. ती आली, एक हात त्यांच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली घालून तिने त्यांना अलगद भिंतीकडून खिडकीकडे वळवलं, पाठीशी उशी लावली आणि पदर सारखा केला. मी स्टुलावरून उठलो नाही, आणि त्यांनीही मला बाहेर थांबा म्हणून सांगितलं नाही.